गायकासाठी काढलेली मिशी

तो गायक मेला तेव्हा तंजावरात सगळ्यांत मोठ्याने गळा काढला तो माझ्या थोरल्या भावाने, आणि त्याला त्या गायकाच्या एकाही गाण्याचा अर्थ माहीत नव्हता. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना माझं डोकं तापतं. तापू दे. शांतपणे सांगण्यासारखं त्यात काही नाही.

गायकाचं नाव मी घेणार नाही. माझ्या भावाने आणि त्याच्या टोळक्याने ते जुन्या बस स्टँडच्या आसपास इतक्या भिंतींवर चिकटवलं की मला त्याचा वीट आला. परदेशी होता. केस खांद्यापर्यंत, गळ्यात गिटार, आणि आवाज असा की ऐकणारा एकतर दार लावून घेईल नाहीतर तिथेच उभा राहील. लोक म्हणायचे ओरडतो. मी म्हणत होते गातो.

आमचं घर मराठी, पण कित्येक पिढ्या तंजावरात मुरलेलं. घरात आमची जुनी मराठी, रस्त्यावर तमिळ, कॉलेजात इंग्रजी. देवनागरी आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हती; मी ती पुढे नोकरीसाठी पुण्याला आल्यावर शिकले. अप्पा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत होते. रोज बसने जायचे, बसने यायचे, आणि कचेरीत साहेबांपुढे जो आवाज काढता येत नसे तो घरी येऊन आमच्यावर काढायचे. अम्मा हळू बोलायची. मी त्याहून हळू बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

भावाचं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने गाणी सांगायची, ह्याने ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची. बहुतेक सिनेमाची गाणी, मार्गळीचा महिना आला की देवाची. कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीचा मामा जहाजावर होता. त्याने आणलेली त्या गायकाची एक कॅसेट मी दुकानात नेली आणि म्हटलं, अण्णा, मला हिची कॉपी काढून दे. भावाने थोडी ऐकली आणि म्हणाला, "हे काय, कुत्र्याच्या शेपटीवर कोणी पाय दिला कां?" पण काढून दिली. मग दुसरी दिली, मग आणखी दिल्या. त्या वर्षांत मी टायपिंग आणि शॉर्टहँड शिकत होते. इंग्रजी मजकूर कॅसेटवर ऐकून सराव करावा लागतो, असं मी अप्पांना सांगितलं होतं. म्हणून प्रत्येक कॅसेटवर माझ्या चांगल्या अक्षरात 'डिक्टेशन' असं लिहिलं, आणि सगळ्या शिलाई मशीनच्या खणात ठेवल्या. हे फक्त भावाला ठाऊक होतं. अप्पांना कळलं तर कॅसेटी जाणार, ह्यात शंकाच नव्हती.

त्या कॅसेटींत माझं काय होतं ते सांगते. आमच्या घरात राग करण्याचा हक्क एकाच माणसाला होता. मलाही राग यायचा, रोज यायचा, पण तो ठेवायला जागा नव्हती. दुपारी अम्मा आडवी झाली की मी टेपरेकॉर्डरचा आवाज अगदी बारीक करून कान लावून बसायची, आणि तो माझ्या वाटचं ओरडून घ्यायचा. कोणी त्याला वेड म्हणो. मला त्याने वेडं होऊ दिलं नाही.

मग छपरांवर डिश आल्या. गल्लीगल्लीतून केबलची वायर फिरली आणि माझा गायक चहाच्या दुकानातल्या टीव्हीवरसुद्धा दिसायला लागला. पोरं भावाकडे त्याच्या कॅसेटी मागायला लागली. कुत्र्याची शेपटी एका रात्रीत विसरली गेली. भावाने केस वाढवले, दुकानाच्या दारावर गायकाचा मोठा फोटो लावला, आणि गाण्यांबद्दल कोणी काही विचारलं की संध्याकाळी घरी येऊन मला विचारून दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन शहाणपणा करायचा. मला वाईट वाटायचं नाही असं नाही. पण कोणीतरी ऐकतंय ना, असं म्हणून मी गप्प बसायची.

तो मेल्याची बातमी भावानेच आणली, दुपारी जेवायला आला तेव्हा. मी सार वाढत होते. "तो गेला ग," म्हणाला, "टीव्हीवर सांगिटलं." माझा हात थांबला. त्याने भात कालवला आणि वर मान न करता म्हणाला, "ताक अहे कां?" मी ताक वाढलं आणि परसात धुण्याच्या दगडापाशी जाऊन रडले. घरातलं माणूस गेल्यासारखी रडले. अम्माने पाहिलं तेव्हा पोट दुखतंय म्हणून सांगितलं, मग तिने ओव्याचं पाणी दिलं आणि तेही मुकाट्याने प्यायले. माझं सुतक एवढंच.

भावाचं सुतक मात्र गावाला दिसेल असं होतं. आमच्याकडे सिनेमातला कोणी मोठा नट मेला की त्याच्या चाहत्यांची मंडळं जे करतात, ते सगळं ह्या टोळक्याने एका परदेशी गिटारवाल्यासाठी करायचं ठरवलं. दुकानापुढे खुर्ची, खुर्चीवर फोटो, फोटोला झेंडूचा हार, पुढे समई, नारळ, केळी. भिंतींवर अश्रूंच्या अंजलीची पोस्टरं: वर त्याचा चेहरा, खाली दुःखी चाहत्यांची नावं. पोस्टरवर घालायला इंग्रजीत एक वाक्य हवं होतं, ते भावाने माझ्याकडून लिहून घेतलं. मी म्हटलं, "माझं नांव पण घाल."

"परक्या पुरुषाच्या फोटोखाली मुलीचं नांव?" तो म्हणाला. "वेड लागलं कां तुला? अप्पा मला घरांत घेणार नाहीत."

वाक्य माझंच छापलं. खाली पहिलं नाव त्याचं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण नट मेला की चाहते मुंडण करतात, तेव्हा टोळक्यातल्या दोघांनीही केलं. आता पुढाऱ्याने मागे कसं राहायचं? माझा भाऊ नदीच्या पायऱ्यांवर गेला. तिथला न्हावी क्रियेला बसणाऱ्यांचीच डोकी करतो आणि कोणाला काही विचारत नाही. मित्रांनी नुसते केस दिले होते. ह्याने केस दिले आणि वर मिशीही दिली.

आमच्या घराण्यांत ज्याचा बाप जिवंत आहे तो डोकं आणि मिशी एकदम उतरवत नाही. बाप गेला तरच तसं करतात. नवसाचं मुंडण केलेला माणूस देवळातून डोक्याला चंदन फासून येतो, ते पिवळं डोकं लांबून बघितलं तरी कळतं की नवस फेडला. चंदन नाही, मिशी नाही आणि चेहरा सुजलेला, असा मुलगा बस स्टँडवर दिसला तर आमच्यातलं कोणीही एकच अर्थ काढेल. आमच्या वाध्यारांनी, म्हणजे घरच्या पुरोहितांनी, त्याला पापनाशमच्या बसमधून पाहिला. तोच अर्थ त्यांनी काढला.

भाऊ त्या दिवशी घरी आलाच नाही, मित्राकडे राहिला. दुसरा दिवस रविवारचा. अप्पा पुढच्या खोलीत बनियनवर बसून नखं कापत होते. गल्लीच्या तोंडापासून एक हंबरडा ऐकू यायला लागला. शेजारची दारं उघडली. आत्या होती, अप्पांची थोरली बहीण, पापनाशमहून पहिल्या बसने आलेली. ऊर बडवत, पदर लोळवत येत होती.

"माझ्या भावा! मला न सांगतां कसा रे गेलास!"

अप्पा उठून दारात आले. "कोठं गेलों? इथंच अहें की!"

आत्याने त्यांना पाहिलं आणि पायरीवर फतकल मारली. समोरच्या घरातली बाई पाणी घेऊन धावली. मला हसू आलं, आणि अम्माने डोळे वटारले तेव्हा आणखी आलं. पण अप्पांचा चेहरा पाहिला आणि हसू जिरलं. गल्लीभर माणसं त्यांच्या जिवंत असण्याकडे बघत उभी होती, आणि आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "वाध्यार खोटं सांगतील कां? तुझ्या पोराच्या डोकीवर केस नाहीत, मिशी नाही, चंदनाचा ठिपका नाही! मग आम्ही काय समजायचं?" मग तीच म्हणाली की जिवंतपणी मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. अप्पांना त्याचा काही आनंद झालेला दिसला नाही.

भावाला निरोप गेला. तो आला तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. अप्पांनी तो ओढून काढला. खाली जे डोकं निघालं ते सोललेल्या नारळासारखं दिसत होतं.

"कोण मेला तुझा?"

"पाडगर, अप्पा. गाणारा. फॉरिनचा."

"फॉरिनचा." अप्पा हळू बोलत होते, म्हणजे प्रकरण वाईट होतं. "असं काय गात होता तो, कीं मी जिवंत असतां मला मारलंस?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. रोज संध्याकाळी अर्थ विचारताना पाहायचा तसंच. मी खाली बघितलं. तेव्हा त्याने स्वतःच्या अकलेने उत्तर दिलं.

"आईवर गात होता, अप्पा. आईवर, बापावर. भक्तीचंच की. आईबापाची सेवा करा, असं."

आत्याने डोळ्यांना पदर लावला. "आईवर गात होता होय? बिचारा. वय तरी काय असेल." अम्मा पण चुकचुकली. आणि अप्पांचा चेहरा, मी बघत होते, सैल पडायला लागला. लबाडी लागू पडत होती. अजून थोडा वेळ गेला असता तर अप्पांनी भावाला दोन शिव्या घातल्या असत्या, आत्याला कॉफी झाली असती, सगळे हसले असते. माझ्या कॅसेटी खणात सुखरूप राहिल्या असत्या. मला फक्त तोंड मिटून ठेवायचं होतं, आणि आयुष्यभर मला तेवढंच तर शिकवलेलं होतं.

पण तो मेला होता. त्याला आता स्वतःचं काही सांगता येणार नव्हतं, आणि माझा भाऊ त्याला आईबापाची सेवा करणारा गुणी मुलगा करून आमच्या पुढच्या खोलीत बसवत होता. माझा संताप झाला.

"खोटं," मी म्हटलं. "तसं कांही गात नव्हता."

"तूं गप," अम्मा म्हणाली.

"तो बापाच्या घरावर गात होता. तिथं कोणास तोंड उघडतां येत नाही, म्हणून. आंत ज्याचा श्वास कोंडला, तेनं बाहेर जाऊन ओरडायचं, असं गात होता. ह्याला काय ठाऊक? ह्याला एक ओळ कळत नाही."

अप्पा माझ्याकडे वळले. इतक्या नीट त्यांनी माझ्याकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"तुला कसं ठाऊक?"

"मी ऐकतें."

"कोठं?"

"ह्याच घरांत."

त्यांना फार वेळ लागला नाही. कचेरीत आयुष्य काढलेला माणूस. "डिक्टेशन," ते म्हणाले, आणि स्वतःशीच मान हलवली. मग भावाकडे वळून म्हणाले, "घेऊन ये."

भाऊ गेला. कुठे ठेवल्यात हे त्याने मला विचारलं नाही. शिलाई मशीनचा खण ओढल्याचा आवाज आला आणि तो सगळ्या कॅसेटी ओंजळीत घेऊन आला, देवळातून प्रसाद आणावा तशा. त्याच्या दुकानात त्याच गायकाच्या कॅसेटींची अख्खी रांग होती. तिच्याबद्दल अप्पांनी चकार शब्द काढला नाही. त्यांनी त्याच्या बोडक्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "केस येतील. मिशीही येईल. पुरुषाचं काय." एवढ्यावर त्याची शिक्षा संपली.

मग ते खुर्चीत बसले आणि एकेका कॅसेटमधली फीत बोटाने ओढून काढू लागले. तपकिरी फितीचा ढीग जमिनीवर वाढत गेला. आत्या खाली बसून तो गुंता पिशवीत कोंबत होती, घरकामाला हात लावावा तसा. अम्मा माझं कोपर धरून मला आत ओढत होती. मी गेले नाही. मी रडलेही नाही, कारण रडले असते तर त्यांना वाटलं असतं की मी बोलले त्याचा मला पस्तावा झाला. तो झाला नव्हता, आजही नाही. आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, जिच्या आधारावर मी तिथे उभी होते. त्यातली सगळ्यांत लाडकी कॅसेट खणात नव्हती.

शेवटची फीत निघाली. अप्पांनी बोटं झटकली. "झालं?" त्यांनी विचारलं, कोणालाच उद्देशून नाही.

मी भावाकडे पाहिलं. ज्याने त्या माणसासाठी डोक्यावरचे केस दिले होते, ओठावरची मिशी दिली होती, त्याच्याकडे मी पाहिलं.

"अजून एक अहे, अप्पा," तो म्हणाला. "टेपरेकॉर्डरमध्यें."