सर आधी काय करायचे

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. कुठला चोर कुठल्या हद्दीतला, हे विचारलंत तर सांगता यायचं नाही. ही एक मात्र जशीच्या तशी वेगळी राहिली. यात खून नव्हता, दरोडा नव्हता. आरोपी सभ्य होता आणि आपण कुणाचं वाईट करतो आहोत, असं त्याच्या मनातही नव्हतं.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलीस शिपाई होता. तो नोकरीत असताना गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची वर्षं पुण्यात महिला कक्षात काढली. तिथे नवरा-बायकोच्या भांडणांचे अर्ज येत. दोघांना बोलावायचं, समुपदेशन करायचं, मिटण्यासारखं असेल तर मिटवायचं, नसेल तर फिर्याद द्यायला ठाण्यात पाठवायचं, असं ते काम.

आमच्या कक्षाला दोन खोल्या होत्या. त्या मुद्दाम मागून घेतल्या होत्या. कक्ष सुरू झाला तेव्हा एक डॉक्टरबाई आम्हाला शिकवायला येत. मानसोपचारातल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की पहिल्या भेटीत नवरा-बायकोला एकत्र बसवायचं नाही. एकत्र बसवलंत, तर बायको तोंडाने तुमच्याशी बोलेल, पण लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे ठेवील. पुढे हे मी रोज पाहिलं.

एका दुपारी एक निवृत्त शिक्षिका कक्षात आल्या. बसण्याआधी त्यांनी रुमालाने खुर्ची पुसली.

"माझी तक्रार नाही, शंका आहे," त्या म्हणाल्या. "शंका घेता का नोंदवून?"

मी म्हटलं, नोंदवत नाही, पण ऐकून घेते.

बिबवेवाडीत एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खासगी संस्था होती. समुपदेशन आणि वादनिवारण शिकवायची, शेवटी प्रमाणपत्र द्यायची. निवृत्तीनंतर काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून बाईंनी तिथे नाव घातलं होतं. शिकवायला तीन-चार जण येत. त्यांतले एक कारखान्यातले जुने कामगार पुढारी. त्यांनी पहिल्या तासाला उभं राहून सांगितलं होतं, "मी आयुष्यभर एका बाजूने भांडलोय. मला बाजू घ्यायची सवय आहे. तेवढं सांभाळून ऐका." बाईंना ते गृहस्थ पटले होते. शंका होती ती मुख्य सरांबद्दल. त्यांच्या नावापुढे बोर्डावर लिहिलं होतं, 'निवृत्त विवाह समुपदेशक, न्यायालय'.

या सरांनी मागच्या रविवारी प्रात्यक्षिक म्हणून खरंच भांडण असलेलं एक जोडपं वर्गापुढे बसवलं होतं. विश्रांतवाडीला राहणारं. नवरा कंपनीत कामाला, दोघं मूळची विदर्भातली, पदरात एक लहान मुलगी. सरांनी दोघांना शेजारी बसवून समजावलं, बायकोला माफी मागायला लावली, समझोत्याचा कागद केला. बायकोने सही न करता अंगठा दिला. मग सरांनी पेढे आणवले आणि तिला म्हणाले, भरव त्याला. तिने डाव्या हाताने पेढा उचलला.

"सर म्हणाले, उजव्या हाताने भरवावं, ताई," शिक्षिकाबाई सांगत होत्या. "तर तिने पेढा उजव्या हातात ठेवला आणि तो हात डाव्या हाताने उचलून नवऱ्याच्या तोंडाशी नेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तुम्ही?"

"मीही वाजवल्या. घरी गेल्यावर ते दिसलं."

मी अर्जांची चौकशी केली. त्या बाईचा मारहाणीचा अर्ज त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आलेला होता. नवऱ्याने समझोत्याचा कागद नेऊन दाखवला, कोर्टाच्या समुपदेशकांनी मिटवलं म्हणून सांगितलं, आणि अर्ज दप्तरी दाखल झाला. ठाणे अंमलदाराला कामं कमी नसतात. मिटलं म्हटल्यावर कोणी पुन्हा उकरत नाही.

दुसऱ्या दिवशी बीट अंमलदाराला घेऊन मी त्या घरी गेले. दार सासूने उघडलं. सून अर्जात लिहिल्याप्रमाणे चांगली बारावी शिकलेली, तरी कागदावर अंगठा, आणि उजवा हात ओढणीखाली. कशी आहेस विचारलं, तर सासूकडे बघून म्हणाली, मिटलंय सगळं. मी प्यायला पाणी मागितलं आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. एवढ्याशा जागेत सासूला माझ्या मागे उभं राहता आलं नाही.

तिथे ती हळू आवाजात बोलली. समझोत्यात ठरलं होतं, की तिने मुलीला घेऊन सासरच्या गावी जाऊन राहायचं. येत्या रविवारी निघायचं होतं. सासू त्यासाठीच आली होती. आणि कोर्टाच्या साहेबांनी बजावलं होतं, की कागद मोडलास, पुन्हा पोलिसांत गेलीस, तर मुलगी नवऱ्याला देतील.

मी सांगितलं, असं काही नसतं.

"ताई, तुम्ही पोलीस," ती म्हणाली. "ते कोर्टाचे."

गावी गेली की ती कुणाच्या नजरेस पडली नसती, हे तिलाही कळत होतं. पण गेली तर हात जाणार आणि न गेली तर मुलगी जाणार, असा तिचा हिशेब होता, आणि तिने मुलगी ठेवायचं ठरवलं होतं. जबरदस्तीने जबाब घेतला असता, तर तिने काही झालं नाही असाच दिला असता.

मी आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सर खरे कोर्टाचे आहेत का, ते लेखी विचारू. पत्र जाणार, तिथून उत्तर येणार, आणि तोपर्यंत रविवार उलटून जाणार. मी म्हटलं, पत्र पाठवा, पण मला त्या सरांशी बोलू द्या.

सर बोलावल्याबरोबर आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आवाज मऊ. माझ्याशी 'आपण' म्हणून बोलले. खरं सांगायचं तर मला माणूस आवडला. पोलिसाला घाबरून येणारे आणि पोलिसावर गुरगुरणारे असे दोनच प्रकार आमच्याकडे येतात. हे तिसरे होते. कोर्टात कधी होतात, असं मी विचारलं नाही. त्याची उत्तरं माणूस घरून पाठ करून येतो. मी म्हटलं, आमच्याकडे रोज जोडपी येतात आणि आम्ही फारसं शिकलेलो नाही. आपण कसं करता, ते जरा दाखवा.

ते खुश झाले. मी एका महिला शिपायाला बायको केलं आणि गाडीच्या ड्रायव्हरला नवरा. लग्नाला दहा वर्षं, दोन मुलं, नवरा दारू पितो, असं सांगून दोघांना बसवलं.

सरांनी आधी खुर्च्या हलवून शेजारी लावल्या. मग ड्रायव्हरला विचारलं, मूळ गाव कोणतं, घर स्वतःचं का भाड्याचं, पाठीमागे बहिणी किती. मग शिपाईबाईंकडे वळले. शिक्षण काय, मामेकुळ कोणतं. पुढे ते म्हणाले, "मुलाचं म्हणणं मला पटतं. मुलीने थोडं नमतं घ्यावं. मुलीकडच्यांनी मध्ये पडू नये." ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, डोक्याला टक्कल. त्याला मुलगा म्हटल्यावर शिपाईबाईंनी पदराआड हसू दाबलं.

दहा वर्षं संसार झालेल्या बाईचं मामेकुळ मी कधी विचारलं नव्हतं. कोणी विचारत असेल असंही वाटत नव्हतं. पण माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी मी जिथे जिथे तिची माहिती दिली, तिथे तिथे हेच प्रश्न याच क्रमाने विचारले होते. आणि जमलं की पेढा.

मी दोघांना बाहेर पाठवलं आणि सरांना विचारलं, "किती लग्नं जमवलीत आपण?"

"मोजली कुठे? पण मोडलं एकही नाही." हे ते इतक्या अभिमानाने बोलून गेले, की काय बोललो ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा खिशाला लावलं.

मग त्यांनी काही लपवलं नाही. आयुष्यभर वधू-वर सूचक केंद्र चालवलं होतं. पुढे लोक मोबाईलवरच स्थळं बघायला लागले आणि केंद्र बंद पडलं. संस्थेचे चालक ओळखीचे होते. ते म्हणाले, नवरा-बायकोचं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं कुणाला कळतं, या शिकवायला. 'न्यायालय' हा शब्द चालकांनी बोर्डावर घातला. सरांनी तो राहू दिला. जमवलेल्या एखाद्या जोडप्याबरोबर ते कोर्टात जाऊन बाकावर बसले होते, तेवढाच त्यांचा कोर्टाशी संबंध.

"पण मी वाईट काय केलं?" ते म्हणाले. "त्या संस्थेत शिकवणारा एक बँकेतून आलाय, एक कारखान्यातून. मी माणसं जोडण्यातून आलोय. कोर्टाचं नाव घेतलं की माणूस ऐकतो. संसार टिकायला थोडा धाक लागतो."

"मुलगी काढून घेतील, हे कुणी सांगितलं तिला?"

"मीच. तिने पुन्हा घाई करू नये म्हणून."

"तिचा हात बघितलात?"

"कोणता?"

"उजवा. तुम्ही ज्या हाताने पेढा भरवायला लावलात तो."

त्यांनी बघितला नव्हता. वर्गातल्या सगळ्यांच्या आधी तो दिसायला हवा होता त्यांना, कारण ते तिच्या सर्वांत जवळ बसले होते. पण त्यांचं लक्ष पेढ्याकडे होतं. इतकी वर्षं पेढा तोंडात गेला की त्यांचं काम संपायचं. मोडलं एकही नाही म्हणत होते, ते याच हिशेबाने. पेढ्यानंतर ते कुणाच्या घरी विचारायला गेले नव्हते.

शनिवारी साहेबांच्या सहीने नवरा-बायकोला कक्षात बोलावलं. नवऱ्याला एका खोलीत साहेबांसमोर बसवलं. तिला दुसऱ्या खोलीत घेतलं. मुलगी बाहेरच्या बाकावर शिपाईबाईंजवळ होती. सरांना मी आधीच सांगितलं होतं, की आता जे सांगायचं ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं. ते आत आले. बसले नाहीत.

"ताई, मी कोर्टाचा नाही," ते म्हणाले. "मी लग्नं जमवायचो. तो कागद घरगुती आहे. मुलीबद्दल बोललो, ते खोटं होतं."

ती रडली नाही की चिडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

"मुलगी कुठंय?"

"बाहेर बाकावर. दार उघडं आहे, बघ."

तिने वाकून बघितलं. मग ओढणी बाजूला केली आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. सर त्या हाताकडे बघत राहिले. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. हाड मोडून वेडंवाकडं जुळलं होतं. फिर्याद तिने स्वतः सांगितली, न थांबता. नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला. ती आणि मुलगी रविवारी गावी गेल्या नाहीत, निवारागृहात गेल्या. नंतर तिला एका पाळणाघरात काम मिळालं. सर आणि चालक यांच्यावर फसवणुकीचा आणि सरकारी माणूस असल्याच्या बतावणीचा गुन्हा लागला. सरांनी कबूल केलं. चालकांनी वकील दिला.

या केसने मला एक सवय लावली. कोणी शिकवायला आलं, की त्याचं शिक्षण मी नंतर विचारते. आधी विचारते, की यापूर्वी तुम्ही काय करत होता आणि त्या कामात काय झालं की दिवस चांगला गेला म्हणायचात. लग्न जमवणाऱ्याचा दिवस दोघं एकत्र आली की चांगला जातो. पोलिसाचा कबुलीजबाब मिळाला की जातो. ही ओढ निवृत्तीनंतर सुटत नाही. ती असू द्यावी, पण समोरच्याला सांगून ठेवावी. त्या कामगार पुढाऱ्याने सांगितली होती.

मी निवृत्त झाल्यावर अशाच एका संस्थेने मला वादनिवारण शिकवायला बोलावलं. पहिल्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, की मी पोलिसात होते, समोरचा खोटं बोलतोय असं मला आधी वाटतं, तेवढं सांभाळून ऐका. तास बरा झाला. जाताना खाली लावलेला बोर्ड वाचला. माझ्या नावापुढे 'माजी वरिष्ठ पोलीस अधिकारी व समुपदेशनतज्ज्ञ' असं होतं. मी ऑफिसात गेले आणि म्हटलं, हे खोडा. सहायक फौजदार लिहा, शिक्षण सातवी लिहा.

ऑफिसातला गृहस्थ हसला. "मॅडम, तेवढं चालतं हो. लोकांचा विश्वास बसायला लागतं."

मी त्याला विश्वास बसलेल्या एका बाईचं मनगट कसं दिसतं, ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात गेले, तेव्हा बोर्ड तसाच होता. मी जिना चढले नाही.