भुलीची बाटली

"कुछ नै वैनी, जराच हाय," असं म्हणून भाबी पदर झटकायच्या. लोहारा गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या शिंप्याची ही बायको. तिला काहीही झालं तरी ते जरासंच असायचं. एकदा विंचू चावून तिचा पाय टम्म सुजला होता. मी धावत गेले तर मलाच म्हणाली, "तुमच्या घरात तर न्हाय ना शिरला त्यो?"

एकदा न्हाव्यानं दुखरी दाढ सोडून शेजारची चांगली दाढ उपटली. भाबी तोंडात बोळा धरून हसल्या. "ती बी कधीतरी जाणारच हुती की!"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं कौतुक वाटतं आणि थोडा रागही येतो, कारण त्यांच्यासमोर आपली डोकेदुखी नाटकी वाटायला लागते.

फक्त एकदाच त्या मनातलं बोलल्या. आम्ही परसात तूर निवडत बसलो होतो. माझं लग्न होऊन मी या गल्लीत यायच्या आधी भाबींना मुलगी झाली होती, सोलापूरच्या दवाखान्यात, पोट कापून. सोबत नवरा आणि सासूबाई, म्हणजे अम्मा, होत्या. "भूल दिलेली. म्या जागी झाले तवर पोरगी मातीत गेलती. दुपारपातूर जित्ती हुती म्हणं. अम्मानं बघितली, ह्यांनी बघितली. म्याच न्हाय." मी सुपातली तूर उगीच पुन्हा पाखडली.

भाबींना पुन्हा दिवस गेले ते निजामाच्या राज्याच्या अगदी शेवटच्या वर्षी. पोटावर टाके आहेत, तेव्हा पुढचं बाळंतपण घरी करायचं नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सोलापूर पडलं हद्दीपलीकडे, स्वतंत्र हिंदुस्थानात, आणि नाक्यावरची ये-जा बंद झालेली. मोटारी थांबल्या होत्या. धाराशिवच्या मोठ्या दवाखान्याची वाट उघडी होती म्हणायची, पण रझाकारांच्या त्या दिवसांत वाटेत कोण भेटेल याचा नेम नव्हता. हिंदू असो की मुसलमान, गल्लीतलं प्रत्येक दार आतून कडी लावून बसलेलं. आम्ही सगळेच आपापल्या घरात कैदी होतो. आणि अशातच, दिवस भरायच्या आधी, भाबींना कळा सुरू झाल्या.

मी परसातल्या भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेले. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, आत जीव गुदमरत होता. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना मागच्या दारानं आणलं होतं. बाहेरच्या खोलीत भाबींचा नवरा दोरा न ओवताच शिलाईची मशीन चालवत होता, म्हणजे बायकोचा आवाज रस्त्यावर जाऊ नये. पण बायको आवाज करतच नव्हती.

नर्सबाई तिला समजावत होत्या, "हे बघ, कळ गेली की दुखणं थांबायला हवं. मधल्या वेळातही जुन्या टाक्यापाशी दुखत राहिलं, तर टाका उसवतोय असं समजायचं. मग काय वाटेल ते होवो, तुला बैलगाडीत घालून धाराशिवला न्यायचं. तेव्हा खरं सांग. दुखतं का?"

"कुछ नै."

ओठातून रक्त आलं होतं तिच्या. नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "ही काही सांगतच नाही. मी काय समजायचं?"

मला आधी वाटलं, सवयच ती. मग दिसलं, भाबींची नजर नर्सबाईंच्या पिशवीवर खिळली होती. पिशवीतून क्लोरोफॉर्मच्या बाटलीचं बूच डोकावत होतं. दुखतंय म्हटलं की ती बाटली नाकाशी येणार, अशी तिची समजूत. खरं सांगावं तर झोपवतील, न सांगावं तर टाका उसवेल. बाहेर जायला वाट नाही आणि आत ही अशी कोंडी.

मी नर्सबाईंना बाजूला घेऊन त्या मुलीचं सांगितलं. मग त्यांनी बाटली काढली आणि भाबींच्या मुठीत दिली. "ही तुझ्यापाशी ठेव. तू आपण होऊन दिलीस तरच मी घेईन. आता सांग, दुखतं का?"

भाबींनी मूठ घट्ट आवळली. "लई दुखतंय, बाई! कमरंत दुखतंय. पर कळ गेली की जातंय. टाक्यापाशी न्हाय."

मग मात्र बांध फुटला. भाबी ओरडल्या, रडल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बंद करा ती मशीन, मेरेकू ओरडू द्या!" दर कळेनंतर "टाक्यापाशी न्हाय" हे आपणहून सांगत राहिल्या. अम्मा तेवढं ऐकलं की दोन्ही हात वर करून अल्लाचं नाव घ्यायच्या. कुणाच्या ओरडण्यानं इतका धीर येतो हे मला त्या दिवशी कळलं.

अगदी शेवटी सोसवेना तेव्हा भाबींनी मूठ उघडली. "थोडा... पर झोपवू नगा."

नर्सबाईंनी रुमालावर चार थेंब टाकले आणि रुमाल तिच्याच हातात दिला. "तूच धर. गुंगी आली की हात आपोआप खाली पडेल." हात पडायचा, भाबी दचकून डोळे उघडायच्या आणि पुन्हा हुंगायच्या.

मुलगा झाला. टाका शाबूत राहिला. बाळ रडायला लागलं तशी अम्मा काही बोलायला गेल्या, तर भाबी म्हणाल्या, "चुप. ऐकू द्या."

नर्सबाईंनी रिवाजाप्रमाणे बाळ आधी अम्मांच्या हातात द्यायला उचललं. "न्हाय. आधी मेरेकू." अम्मांनी पुढे केलेले हात मागे घेतले. भाबींनी बाळाचे कान पाहिले, नखं पाहिली, पायाचे तळवे पाहिले. घाई कसलीच नव्हती. सगळं पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता घ्या अम्मा."

निजामाचं राज्य गेलं, आणि भाबींच्या घरची माणसं एका सकाळी मशीन गाडीत घालून निघून गेली. कुठल्या गावाला, ते गल्लीत कुणालाच कळलं नाही. मी खूप रडले. तो मुलगा आज कुठंतरी म्हातारा होत असेल. नर्सबाई सोडल्या तर जगात त्याला सगळ्यांत आधी त्याच्या आईनं हातात घेऊन पाहिलं. हे त्याला कुणी सांगितलं असेल का, कोण जाणे.