बोटाच्या फटीतून आलेला उजेड

असल्या गोष्टी मी आजवर हसण्यावारीच नेल्या. वय चोपन्न, वाशिंदच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन आवाज करतंय म्हणजे कारण असणारच, एवढंच मला कळतं. पण हा अनुभव सांगायचा तर आधी एक गोष्ट कबूल करावी लागेल... ती मी बायकोलाही सांगितली नव्हती.

आमचं घर शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या पुढे. माझे वडील, आबा, यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा वयामुळे झिजून आत पाणी साचू लागलं होतं. मॅक्युलर डिजनरेशन. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. गेलेली नजर त्याने परत येत नाही, आहे ती टिकते. डॉक्टरांनी बारीक चौकोनांचा एक कागद दिला होता. रोज उजवा डोळा झाकायचा, डाव्याने मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या की लगेच यायचं.

कागद मी मधल्या दाराला चिकटवला. डोळा झाकायचं काम माझं. कारण आबा नुसता एक डोळा मिटायला गेले की दोन्ही मिटायचे. डावा हात काठीवर, आणि उजव्या हाताला मधलं बोट नाही — तरुणपणी वखारीत यंत्रावर गवताचे गठ्ठे बांधताना गेलेलं. त्या फटीतून चांगला डोळा बघायचाच, आणि त्याला सगळं सरळ दिसायचं.

लावणीच्या दिवसांत एकदा म्हणाले, "रेघा लाटंवानी दिसत्यात रे."

"लावणी उरकू द्या, आबा. माणसं मिळत नायत, सुट्टी नाय..."

"बरं. तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवसापासून मी झाकायला थांबलोच नाही. "तुमचं तुमी बघा" म्हणून निघायचो. संध्याकाळी विचारलं की ते सांगायचे, "आज सरळ हाय." फट मला माहीत होती. तरी मला बरं वाटायचं.

तीन आठवड्यांनी नेलं तेव्हा आत व्रण झाला होता.

"इतका उशीर का केलात?" डॉक्टर म्हणाले.

"यांनी काही सांगितलंच नाही," मी म्हणालो.

आबा शेजारीच बसले होते.

पुढे उजव्या डोळ्यानेही तेच धरलं. मग माझ्याकडे बघून हसायचे, "तुझा कान दिसतो, तोंड नाय. बरंच हाय म्हणा, त्यात बघण्यासारखं काय हाय!"

ते जाऊन चार वर्षं झाली.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार, सकाळचे अकरा. दाराला रंग द्यायचा म्हणून तो कागद खरवडायला उभा राहिलो. सहज बघितलं... रेघा सरळ होत्या. खरवडायची पत्री कागदाला लावणार, तोच मागून कुणीतरी माझ्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

"सुनंदा, मस्करी नको."

"काय वं? मला बोल्लात?" बायकोचा आवाज अंगणातून आला. ती भात वाळत घालत होती.

तळवा तसाच. खरखरीत, गरम. मला मान हलवता येईना. आणि त्या हाताच्या बोटांत मधोमध फट होती — फटीतून दाराच्या हिरव्या रंगाची उभी पट्टी दिसत होती. मग शेजारची बोटं हळूच आवळली गेली. फट बुजली.

आता फक्त डावा डोळा. ठिपक्याभोवतीच्या रेघा हलक्या लाटेसारख्या वाकल्या होत्या.

हात सुटला. वळलो. कुणी नाही.

"घामाघूम का झालात?" सुनंदा उंबऱ्यात उभी होती. हाताला भाताची कुसळं.

दुसऱ्याच दिवशी आबांच्याच डॉक्टरांकडे गेलो. तपासून डॉक्टर म्हणाले, "अगदी सुरुवात आहे. पण दोन्ही डोळे उघडे असताना हे कळत नाही. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"वडिलांनी सांगितलं."

त्या खोलीत मी एवढं एक खरं बोललो.

इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बिडीही सोडली. रोज सकाळी सुनंदा माझा डोळा झाकते. तिलाही सगळं सांगून झालंय. मनाचे खेळ म्हणाल तर वाद घालणार नाही. पण डोळ्यात आत काय चाललंय ते मनाला कुठून कळलं?

दाराला रंग दिला... कागदाएवढी जागा सोडून.