थापाड्याचं नाणं

आमची आत्या जुन्या नाण्यांची पारख करते. समोर नाणं आलं की ते खोटंच असं धरून चालते आणि हात धुऊन त्याच्या मागे लागते. खोट सापडलीच नाही, तर नाइलाजाने खरं म्हणते. माणसांशीही ती अशीच वागते, म्हणून आमच्याकडे पाहुणे फारसे टिकत नाहीत.

परवा एक शिवणकाम करणारी बाई आत्याच्या दुकानात आली, मोजायची टेप गळ्यात तशीच. तिने रुमालातून चांदीचं नाणं काढलं. तिचे वडील गवंडी. तरुणपणी पाया खणताना त्यांना ते सापडलं होतं. जन्मभर ते ही हकिकत सांगत आले आणि लोकांनी त्यांचं नाव पाडलं थापाड्या.

"अण्णा बाहेर बाकावर बसलेत, आत यायला तयार नाहीत," ती म्हणाली. "किंमत राहू द्या, ताई. खरं की खोटं तेवढं सांगा."

नाणं नव्या वाटीसारखं चकचकीत होतं. जुनी चांदी अशी चमकत नाही, माझी आशाच संपली. आत्याचंही तोंड कडू झालं.

"घासता का हे?"

"अण्णा घासतात, दंतमंजनाने. लोकांना दाखवायचं असतं ना."

आत्याने कपाळाला हात लावला, पण भिंग उचललं. आधी तिने कड पाहिली. ओतीव नकलेला तिथे सांध्याची रेघ राहते. रेघ नव्हती. काट्यावर टाकलं, वजन बरोबर. मला दम निघेना.

"काय गं आत्या?"

"गप बस."

पुन्हा भिंग कडेवर. मग तिने मला जवळ ओढलं.

"ही चीर बघ," ती हळूच म्हणाली. "ठसा मारताना घाव बसला की चांदी अशी फाटते. नकलेत चिरेची नुसती रेघ उमटते, ही आरपार गेलीय. आणि अक्षरांच्या कोपऱ्यात काळं दिसतंय? तिथवर दंतमंजन पोचलं नाही. खरं आहे हे."

मी आनंदाने टेबलावर थाप मारली, काटा उडाला आणि मला शिव्या बसल्या.

"घासून घासून पाऊण किंमत घालवली मात्र तुमच्या अण्णांनी," आत्या म्हणाली. ती बाई रडत होती की हसत होती, कळेना.

गिऱ्हाइकासाठी कधी खुर्ची न सोडणारी आत्या तशीच अनवाणी बाहेर गेली. "अण्णा, नाणं खरं आहे."

म्हाताऱ्याने तिच्या हातातून नाणं घेतलं. "नक्की?"

"मी सांगतेय ना."

"बरं झालं," तो म्हणाला. "लोक इतके हसले, की मलाच वाटायला लागलं होतं, ही गोष्ट मीच रचली की काय."

सवयीने तो नाणं सदऱ्याला घासायला गेला. आत्याने त्याचं मनगट धरलं आणि शेजारी बसली.

"आता सांगा," ती म्हणाली. "अगदी सुरुवातीपासून."