कौसामावशींच्या गोठ्यातला नाताळ

आधी कौसामावशींचं नाव लिहिते, मग बाकीचं. वाटूरला ज्यांच्या घरामागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहतो, त्या या मावशी. त्या नसत्या तर माझ्या लेकरांना नाताळ म्हणजे लाल टोपी आणि केक एवढंच कळलं असतं. माझी शाळा आठवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका होतील. मिरजेच्या माझ्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्या बायांनो, सांभाळून घ्या.

मिरज सोडली त्या सकाळी एसटीत आम्ही चौघं आणि अर्धा संसार होता. बायबल भिजू नये म्हणून मी ते पिठाच्या डब्यात खुपसलं होतं. अजून एखादं पान झटकलं की पीठ पडतं. बाबा खिडकीखाली उभे राहून एकच सांगत होते, "पोरांना नाताळ नुसता खायला शिकवू नको. कोण जन्मलं ते कळू दे त्यांना." गाडी हलली तरी ते बोलत चाललेच. शेवटी आई म्हणाली, "अहो, सोडा आता, नाहीतर कंडक्टर तुमचं पण तिकीट फाडंल."

आमचे हे वाटूर फाट्यावर ट्रकच्या वायरिंगचं काम करतात. ट्रकला नाताळ नसतो. मिरजेत आमच्या गल्लीतून गाणी म्हणत निघालं की पाच मिनिटांत चर्च. इथून चर्च म्हणजे जालना, आणि दोन लहान लेकरं घेऊन एकटीनं जायची माझी छाती होईना. त्यात पहिल्याच डिसेंबरात मी करुणाला, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला, विचारलं, "नाताळला जन्म कुणाचा झाला?"

तिनं पुष्कळ विचार केला. "लाल टोपीवाल्या आजोबांचा?"

बाबा खिडकीखालून बघताहेत असंच वाटलं.

वाचून दाखवलं तर आशिष, धाकटा, दुसऱ्या ओळीला झोपतो. म्हटलं, बाळ जन्मलं तसा गोठाच दाखवावा. गोठा होता मावशींचा. पण विचारायचं कसं? आपला धर्म आपल्या घरात ठेव म्हणाल्या आणि खोली सोडायला लावली तर? बोलायचं वाक्य मी भांडी घासताना पाठ केलं आणि मावशींसमोर गेल्यावर विसरले.

"मावशी, गोठ्यात थोडी जागा पाहिजे होती. बाळाला ठेवायला."

मावशींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "कुणाच्या बाळाला ग?"

मग उभ्या उभ्या सगळी कथा सांगितली. मरिया, योसेफ, बेथलेहेमचा प्रवास, कुठंच न मिळालेली जागा. मावशी गालाला हात लावून ऐकत होत्या.

"अगं माय! दिवस भरलेली बाई अन् गाढवावर? सासू काय करून राह्यल्ती तिची?"

"सासूचं काही लिहिलेलं नाही, मावशी."

"मंग तेच तर! अन् नवरा?"

"त्याला नाव नोंदवायला जायचं होतं."

"मंग एकट्यानं जायचं. गड्यांना बिलकुल अक्कल न्हाई." त्या उठल्याच. "चल, जल्दी झाडून घेऊ. इथं तरी नीट बाळंतपण होऊ दे तिचं."

नाताळच्या दिवशी मी गोठ्यात गेले तर ओळखू येईना. जमीन सारवलेली, म्हैस एका कोपऱ्यात सरकवलेली, जुन्या लुगड्याचा आडोसा. गव्हाणीत मी घातलेला कडबा मावशींनी काढून टाकला होता. "टोचंल लेकराला." त्या जागी मऊ गोधडी, शेजारी पोळ्याचे मातीचे बैल. बाळ म्हणजे करुणाची एका हाताची बाहुली. मरिया झालेल्या करुणाच्या कानाला घट्ट फडकं, पुढ्यात डिंकाचा लाडू आणि जवळ शेगडीत ओव्याची धुरी. बिचारी मरिया खोकून खोकून बेजार.

शेजारची पोरं मेंढपाळ होऊन खरीच शेळी घेऊन आली. मावशींनी सोडलं त्यांना. मग सोनेरी कागदाचे मुकुट घातलेले तीन मागी, म्हणजे बाळाच्या भेटीला लांबून आलेले राजे, आले, आणि मावशी काठी घेऊन दारात आडव्या.

"कुठं निघाले? बाळंतिणीच्या खोलीत इतकी गर्दी? बारशाला या."

एका राजानं भोकाड पसरलं. माझी पंचाईत. बायबलात ते आत जाऊन पाया पडतात, आणि मावशींना त्यांच्याच गोठ्यात उलट बोलायचं कसं? मी नुसती पदर पिळत उभी.

तेवढ्यात आतून खोकत खोकत मरिया बोलली. "आज्जी, येऊ दे ना त्यांना. म्हणून तर तो गोठ्यात जन्मला."

"म्हणून म्हंजी?"

"राजवाड्यात जन्मला असता तर दारात वॉचमन असता. त्यानं आपल्याला सोडलंच नसतं. गोठ्यात कुणीपण येतं."

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. बाबांनीही नव्हतं.

मावशींनी हातातल्या काठीकडं बघितलं. "म्हंजी मी वॉचमन झाले का ग?"

"हो."

मावशी हसल्या, इतक्या की पदर तोंडात धरावा लागला. "या रे राजांनो, या. पण आधी पाय धुवा!"

मागींनी हौदावर पाय धुतले. मावशींनी बाहुलीवरून हात ओवाळून बोटं मोडली आणि हळूच म्हणाल्या, "देवाचं लेकरू अन् गोठ्यात आलं. माझ्या गोठ्यात."

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते नाक ओढून म्हणाले, "कळलं तिला." 

आता करुणा चौथीत आहे आणि "मंग" शिवाय वाक्य सुरू करत नाही. मिरजेला मावसभावंडं हसतात. मीही मागच्या खेपेला आईला बोलून गेले, "चार दिवस झाले, आता घरी जायला पाहिजे." आई भाकरी थापता थापता थांबली. मी वाटूर म्हणत होते, हे आम्हा दोघींना एकदमच कळलं. वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावासा वाटला नाही.

मावशींचा मुलगा पुण्यात असतो, फ्लॅटमध्ये राहायला या म्हणून मागं लागलाय. मावशी घाबरतात. "तिथं माझ्याशी कोण बोलंल ग?" मावशी, तुम्ही जाल तेव्हा मी सोबत येईन. सामान लावून देईन, आणि शेजारच्या प्रत्येक दाराची बेल वाजवून सांगेन, या आमच्या मावशी, यांना आपलं म्हणा. तोवर तुमचं ऋण माझ्यावर राहू द्या.