थोरलीचा होकार

"चाल बघू जरा," मुलाची आत्या म्हणाली.

मी चालले. सारवलेल्या ओटीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. विंझरच्या आमच्या घरात सात पाहुणे बसलेले. हायवेकडचे, कापूरहोळला ढाबा असलेले. मग आत्यानं माझा हात उलटापालटा केला. भातलावणीनं नखं काळी पडलेली.

"रंग ह्यो असा, हात ह्ये असं. गल्ल्यावर बसवायची कशी हिला?"

सगळे हसले. माझा बापही हसला. पाहुणे हसले की आपण हसायचं, एवढंच त्याला ठाऊक.

आत्यानं आतल्या दाराकडं बोट केलं. "पोहे घिऊन आली ती कोन?"

"धाकटी. बारावीला हाय," बाप म्हणाला.

"मग तिचंच बोला की."

थोरलीच्या आधी धाकटीचं करायचं तर आमच्यात थोरलीचा होकार घेतात. चार माणसांत. त्याआधी धाकटीनं मला गोठ्यात गाठलं. "आक्का, तू न्हाई म्हन. मला परीक्षा द्यायचीय."

चार माणसांत मी म्हणाले, "करा."

लोक म्हणाले, पोरीचं मन मोठं. कसलं मोठं. तिला पसंत केलं, मला नाही. त्याचा राग. तिला नकोय हे ठाऊक असून. तिला मात्र सांगितलं, बापानं म्हणायला लावलं.

बारावीच्या पहिल्या पेपरला ती ढाब्यावर भाकऱ्या थापत होती. मला पुढं कुणी बघायला आलंच नाही, म्हणून मामानं नर्सिंगला घातलं. वेल्ह्याच्या डोंगरात वस्त्या-वस्त्यांवर चालले. बाळंतपणं केली. लग्न राहिलं ते राहिलं. हे आयुष्य मी मागितलं नव्हतं. पण मला ते आवडलं. हे लिहितानाही हात थांबतो.

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर भाषणात म्हणाले, "त्या लोकांनी नाकारलं, म्हणून तालुक्याला सिस्टर मिळाल्या." ही गोष्ट मीच त्यांना सांगितलेली. पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. अर्धीच.

मागच्या रांगेत बहीण बसली होती. टाळ्या वाजवत. बोटांवर तव्याचे डाग. नंतर जवळ येऊन म्हणाली, "आक्का, तुला नाकारलं ते लई बरं झालं बघ."

तिच्या तोंडून ते ऐकवेना. बरं कुणाचं झालं?

आईबाप गेले. आता तिला माहेर म्हणजे माझ्या या दोन खोल्या. वर्षातून चार दिवस येते, पाय पसरून झोपते. खरं सांगितलं तर तेही तुटेल, म्हणून गप्प राहिले.

रविवारी कापूरहोळला जाणार आहे. तिला बाजूला घेऊन सांगणार. नशिबाचं नाव घेणार नाही, बापाचंही नाही. आत्यानं केला तो अपमान खराच होता. होकार मात्र माझा होता.

माफी मागणार नाही. मागितली की तिला ती द्यावी लागेल. आजवर तिला सगळं द्यावंच लागलंय.