मराठीचं मराठी

माझे आजोबा मुक्या सिनेमांचं तोंड होते. तुमसरला तंबूत मूकपट लागला की पडद्याशेजारी उभं राहून ते राजाचं बोलायचे, राणीचं बोलायचे, वेळ पडली तर घोड्याचंही. मग मराठी बोलपट आला आणि त्यांचं काम गेलं. पण आठवडाभरात मालकानं परत बोलावलं, कारण राजा पुस्तकी बोलत होता आणि लोकांना कळेना. राजा 'कशाला?' म्हणाला की आजोबा 'कायले?' म्हणायचे. मराठीचं मराठी करायचं हे काम एक हंगाम चाललं. तेवढ्यात लोक 'कशाला' शिकले आणि आजोबा कायमचे घरी बसले.

बाबांना हा राग वारशात मिळाला. "त्यायनं माह्या बापाचं तोंड बंद केलं," म्हणत पंच्याऐंशी वर्षांत त्यांनी एकही बोलपट पाहिला नाही. टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघतात. मला चीड यायची. एकदा तरी त्यांनी बोलणारा राजा ऐकावा, एवढंच मला हवं होतं.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी आमच्या वाचनालयानं राइस मिलच्या गोदामात, भर दुपारी दारं लावून, एक जुना बोलपट लावला. 'मुका सिनेमा आहे' अशी थाप मारून मी बाबांना नेलं. नावं संपून राजा तोंड उघडणार तोच स्पीकर बंद पडला आणि माझी थाप खरी झाली.

लोक ओरडू लागले, तसे बाबा उठून पडद्याशेजारी उभे राहिले. राजानं तलवार उपसली. बाबा गरजले, "काहून बे प्रधान, तलाव-बोडीचं पानी कोनं सोडलं?" राणी रडली. "मी माहेरी चालली, धान तूच काप!" पोत्यांवर बसलेले लोक हसून हसून लोळले. मीही लाज सोडून हसले.

मग स्पीकर सुरू झाला. "कशाला?" राजा म्हणाला.

"आवाज बंद करा!" सगळं गोदाम ओरडलं.

 बाबा मात्र माझ्याकडे एकदा बघून शेजारी येऊन बसले. माझी थाप पकडली गेली होती, आणि मला फार वाईट वाटलं. बऱ्याच वेळानं राजा पुन्हा 'कशाला?' म्हणाला, तसा त्यांनी ऐकू येणारा कान माझ्याकडे केला.

"काय म्हणून राहिला तो?"

"कायले, म्हणून राहिला."

"जोरानं सांग ना वो बाई!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबांनी मला कोपरानं ढोसलं. "ऊठ. पडद्याजवळ जाऊन उभी राय."